थांबण्याच्या बळावर : जॅग्वार डी-टाइपच्या चरित्राची प्रस्तावना

शर्यतीच्या मोटारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पळते किती? या पुस्तकात जिची हकीकत आहे ती जॅग्वार डी-टाइप १९५४ साली फ्रान्समधल्या ल माँच्या सरळ रस्त्यावर ताशी सुमारे २७८ किलोमीटर वेगाने पळाली. त्या वर्षी तिच्यापुढे उभी असलेली फेरारी इंजिनाने जवळजवळ दीडपट मोठी होती, तरी त्या रस्त्यावर वेगात मागे पडली. हा आकडा मोठाच आहे. पण डी-टाइपचा अभ्यास करताना माझे मन पुन्हा पुन्हा जिथे थांबले, ती जागा सरळ रस्त्याच्या शेवटी आहे. तिथे उजवीकडे काटकोनात वळण होते. २७८ वरून ताशी पन्नास-साठवर यायचे, ते दर चार-साडेचार मिनिटांनी, सलग चोवीस तास, अंधारात आणि पावसातही. डी-टाइप मोठी ठरली ती तिथे. तिला थांबता येत होते म्हणून तिला पळता आले, हे या पुस्तकाचे सूत्र आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांत वारा, पत्रा, इंजिन, माणसे आणि मृत्यू येतात, ते या सुताला धरून येतात.

आदिलाबादेत बसून इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरातल्या मोटारीचे चरित्र मराठीत का लिहावे, असे मला विचारले गेले आहे. कारण साधे आहे. पैनगंगेचा पूल ओलांडून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आमच्या जिल्ह्यातून जातो, आणि त्यावरच्या ट्रकांच्या, जीपांच्या, मोटारसायकलींच्या दुरुस्तीवर इथल्या शेकडो घरांच्या चुली पेटतात. मी बरीच वर्षे मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. वर्गात मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी मुले एकत्र असत. ब्रेकचा धडा आला की पुस्तकात आकृती असे, भागांची नावे असत. पण हा डिस्क ब्रेक आला कुठून, तो कोणी कशासाठी खपून बनवला, त्याने काय जिंकून दिले आणि काय हिरावले, याची एक ओळ नसे. यंत्रालाही इतिहास असतो. तो सांगितला नाही तर यंत्र हातात राहते आणि डोक्यातून निसटते. शिवाय ही मोटार आता तशी परक्याची राहिलेली नाही. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. मुंबईत मुख्यालय आणि पुण्यात कारखाने असलेली कंपनी आज डी-टाइपच्या नावाची मालक आहे. तरीही मराठीत तिच्याविषयी सलग वाचायला मिळत नाही.

आता मूळ कथेकडे वळतो. विल्यम लायन्स या तरुणाने भागीदाराबरोबर १९२२ साली ब्लॅकपूल गावात मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. १९२८ मध्ये धंदा कॉव्हेंट्रीला आला. साइडकारवरून मोटारींच्या बॉडी, बॉडीवरून पूर्ण मोटारी असा तो वाढत गेला, आणि १९४५ मध्ये कंपनीने जॅग्वार हे नाव घेतले. युद्धाच्या काळात कॉव्हेंट्रीवर जर्मन विमानांचे हल्ले होत. कारखान्यात आगीवर लक्ष ठेवण्यासाठी रात्रीचे पहारे असत. त्या पहाऱ्याच्या रात्री लायन्स आपल्या इंजिनिअरांना, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांना, घेऊन बसत आणि युद्धानंतरच्या इंजिनाची आखणी करत. त्यातून एक्सके इंजिन आले : सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, ३४४२ सीसी. १९४८ च्या लंडनच्या प्रदर्शनात ते एक्सके १२० या मोटारीत पहिल्यांदा दिसले. रस्त्यावरच्या मोटारीसाठी आखलेले हे इंजिन पुढे ल माँला पाच वेळा पहिले आले. शर्यतीसाठी वेगळे इंजिन आणि विक्रीसाठी वेगळे, अशी चैन लायन्स यांना परवडणारी नव्हती, आणि मला वाटते त्या काटकसरीनेच जॅग्वारचे भले केले. जे काही सुधारायचे ते एकाच यंत्रात, वर्षानुवर्षे.

१९५१ मध्ये या इंजिनाची सी-टाइप ल माँला पहिल्याच प्रयत्नात जिंकली. पुढच्या वर्षी वेग वाढावा म्हणून घाईने नाकाडाचा आकार बदलला, तो इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेला मानवला नाही, आणि तिन्ही गाड्या तापून बंद पडल्या. याच वर्षी मात्र पडद्यामागे मोठे काम चालले होते. डनलॉप कंपनीचे लोक आणि जॅग्वारचा चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस मिळून चाकांना डिस्क ब्रेक बसवून पाहत होते. विमानाच्या चाकांना असे ब्रेक आधीपासून होते. मोटारीच्या चाकावर ते टिकतील का, हा प्रश्न होता. विमान उतरताना एकदा ब्रेक लावते आणि मग थंड व्हायला त्याला निवांत वेळ मिळतो. मोटारीला ती सवड नसते.

इथे थोडे थांबून फरक सांगायला हवा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा ड्रम असतो आणि आतून दोन शू बाहेर रेटले जाऊन त्याच्यावर घासतात. घासण्याने उष्णता होते. ती आतच कोंडते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. पेडल आणखी खाली जाते आणि पकड सुटत जाते. निर्मलच्या वाटेवरच्या महबूब घाटात माल भरलेला ट्रक उतरताना लायनर जळल्याचा जो वास येतो तो याच कोंडलेल्या उष्णतेचा. डिस्क ब्रेकमध्ये चकती उघड्यावर फिरते, दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, आणि वारा ती उष्णता उडवून नेतो. चकती तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते, त्यामुळे पकड ढिली होत नाही. तत्त्व इतके सोपे. अडचणी मात्र ढीगभर होत्या : ब्रेकमधला द्रव उकळून पेडल पोकळ होणे, पॅड झिजणे, चकती थरथरणे. ड्यूइस आणि डनलॉपच्या लोकांनी त्या एकेक करून निस्तरल्या. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेकची सी-टाइप फ्रान्समधल्याच रांसच्या शर्यतीत जिंकून दाखवली, आणि १९५३ मध्ये ल माँला टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन पहिले आले. सी-टाइप गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या. चोवीस तासांची सरासरी पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेली. इतर चालक वळणाच्या खूप आधी पाय दाबत. जॅग्वारचे चालक तेवढा रस्ता आणखी पूर्ण वेगाने पळून मग दाबत. शर्यत त्या उरलेल्या रस्त्यावर जिंकली गेली.

ब्रेकचा प्रश्न सुटल्यावर वेगाला हात घालता आला. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि पुस्तकाची रचना मी त्याच क्रमाने केली आहे. वेगाचे काम आले माल्कम सेयरकडे. जन्म १९१६, नॉरफकमधल्या क्रोमर गावी. युद्धात तो ब्रिस्टल विमान कंपनीत होता. जॅग्वारमध्ये आला तो वाऱ्याचे गणित घेऊन. बाकीचे लोक मातीचा नमुना घडवून, डोळ्यांनी जोखून मोटारीचा आकार ठरवत. सेयर लॉगॅरिदमची कोष्टके घेऊन बसे, लंबवर्तुळांच्या समीकरणांतून बाकाचा एकेक बिंदू काढे आणि ते बिंदू जोडून पत्रा वाकवायला देई. आपल्याला कोणी मोटारींचा शिल्पी म्हटलेले त्याला आवडत नसे. डी-टाइप पाहताना डोळ्यांना जे सुख होते ते त्याने ठरवून घातलेले नव्हते. हवेला वाट करून देता देता ते तिथे आले.

सेयरने विमानातून आणलेली दुसरी गोष्ट सांगाड्याची. त्या काळच्या मोटारींत पोलादी चौकट वेगळी आणि वरचा पत्रा वेगळा असे. डी-टाइपचा मधला भाग, जिथे चालक बसतो, तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचा बंद डबा आहे. पत्राच चौकट, पत्राच बॉडी. विमानाचे धड असेच बांधतात. त्याला पुढे नळ्यांची चौकट जोडून तिच्यात इंजिन बसवले. १९५४ च्या गाड्यांत ही चौकट डब्याला जोडून टाकलेली होती. अपघातात ती वाकली तर सगळी गाडीच निकामी. १९५५ मध्ये ती पोलादी नळ्यांची आणि बोल्टने काढता-घालता येणारी केली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार ड्रॉइंगच्या टेबलावर झाला की मला त्या कारखान्याविषयी आदर वाटतो, म्हणून हा तपशील प्रस्तावनेतही सोडवला नाही.

बॉनेट खाली आणायचे तर इंजिन खाली आणायला हवे. म्हणून तळाचे तेलाचे सम्प काढून टाकले, तेलाची टाकी वेगळी ठेवली, आणि इंजिन साडेआठ अंश एका बाजूला कलते बसवले. इंधन ठेवायला विमानांसारख्या लवचीक रबरी पिशव्या आल्या. चालकाच्या डोक्यामागे उभा पंख आला, तो वाऱ्याच्या झोतात गाडी सरळ राहावी म्हणून. हलक्या धातूची चाके आली आणि चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक. मागचा अॅक्सल मात्र जुन्या धाटणीचा, अखंडच राहिला. गुळगुळीत ल माँवर तो खपून गेला. खडबडीत रस्त्यांवर डी-टाइप उड्या मारी, आणि तिथे ती फारशी जिंकली नाही. ही मोटार एका रस्त्यासाठी घडवली होती, हे तिचे बळ आणि तीच तिची मर्यादा. तिला सर्वगुणसंपन्न म्हणणारी वर्णने मला पटत नाहीत.

युद्धाने त्या पिढीच्या मोटारशर्यतींना किती दिले, हा विचार लिहिताना सतत सोबत होता. माणसे विमान कारखान्यांतली, ब्रेक विमानाचे, टाक्या विमानाच्या आणि शर्यतींच्या जागाही विमानांच्या. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड ही युद्धकाळातली धावपट्टीची मैदाने. आपल्याकडे मद्रासजवळ शोळावरमला शर्यती सुरू झाल्या त्याही अशाच जुन्या धावपट्टीवर.

१९५४ च्या ल माँला डी-टाइप पहिल्यांदा उतरली तेव्हा इंधनात बारीक रेती निघाली. फिल्टर तुंबले, तिन्ही गाड्या सुरुवातीलाच रखडल्या. कारण सापडेपर्यंत बराच वेळ गेला. तरीही रोल्ट आणि हॅमिल्टन पावसात फेरारीच्या मागे लागले आणि चोवीस तासांनंतर अवघ्या चार किलोमीटरने दुसरे आले. फेरारीवर फ्रॉइलान गोन्झालेझ आणि मॉरिस ट्रँतिन्यां होते. जिंकलेल्या तिन्ही वर्षांपेक्षा मला ही हार डी-टाइपची खरी ओळख वाटते. काही आठवड्यांनी रांसची बारा तासांची शर्यत तिने जिंकली.

आणि मग १९५५. या वर्षाचे प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब आहे.

११ जूनला दुपारी चार वाजता शर्यत सुरू झाली. डी-टाइपवर माइक हॉथॉर्न, मर्सिडीज ३०० एसएलआरवर हुआन मॅन्युएल फँजिओ. दोघांनी पहिले दोन तास एकमेकांना श्वास घेऊ दिला नाही. साडेसहाच्या सुमारास हॉथॉर्नला इंधनासाठी रस्त्याकडेच्या थांब्यात, म्हणजे पिटमध्ये, यायचे होते. तेव्हा पिट आणि शर्यतीचा रस्ता यांच्यात भिंत नव्हती, वेगळी मार्गिकाही नव्हती. हॉथॉर्नने लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीलीला ओलांडले, उजवीकडे आला आणि ब्रेक लावले. डिस्क ब्रेकांनी आपले काम चोख केले. मॅक्लिनला टक्कर टाळण्यासाठी गाडी डावीकडे काढावी लागली. मागून पिएर लेवेची मर्सिडीज प्रचंड वेगाने येत होती. ती हीलीच्या उतरत्या पाठीवर चढली, उडाली आणि मातीच्या बांधावर आदळून तिचे इंजिन व पुढचे भाग गर्दीत घुसले. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची बॉडी भडकून पेटली. लेवे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. मोटारशर्यतींच्या इतिहासात याहून मोठा संहार झालेला नाही.

चौकशीत कोणा एका चालकाला दोषी धरले गेले नाही. ते मला योग्य वाटते. तो रस्ता १९२० च्या दशकातल्या मोटारींसाठी आखलेला होता आणि त्यावर १९५५ च्या मोटारी सोडल्या होत्या. पण चालक सुटला म्हणून प्रश्न सुटत नाही. एकाच रस्त्यावर काही गाड्या आखूड अंतरात थांबणाऱ्या आणि काही न थांबणाऱ्या, हे मिश्रण कोणी मोजले नव्हते. ब्रेक म्हणजे आपल्याला थांबवणारी वस्तू, एवढेच सगळ्यांनी पाहिले. आपण थांबलो की मागच्याचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. महामार्गावर रोज गाडी चालवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

गर्दी एकदम घरी निघाली तर रुग्णवाहिकांचा रस्ता अडेल, असे कारण देऊन संयोजकांनी शर्यत चालू ठेवली. त्यात तथ्य होते. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीजने आघाडीवर असतानाही आपल्या उरलेल्या गाड्या माघारी घेतल्या आणि जॅग्वारलाही तसे करण्याची विनंती केली. जॅग्वारचे संघव्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी ती मानली नाही. हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब ३०७ फेऱ्या, म्हणजे ४१३५ किलोमीटर पळून जिंकले. माझे मत स्पष्ट आहे : रात्री रस्ते मोकळे झाल्यावर जॅग्वारने थांबायला हवे होते. थांबण्याच्या विद्येवर उभ्या राहिलेल्या संघाला त्या रात्री थांबता आले नाही. खुद्द लायन्स यांचा एकुलता मुलगा जॉन त्याच शर्यतीला निघालेला असताना फ्रान्समधल्या रस्त्यावर अपघातात गेला होता. डी-टाइपचा ल माँमधला पहिला विजय अशा दोन सुतकांत आला. वर्षअखेर मर्सिडीजने शर्यती सोडल्या, स्वित्झर्लंडने वर्तुळमार्गी शर्यतींवर बंदी घातली, आणि ल माँचे पिट व प्रेक्षकांचे सज्जे पाडून रस्ता रुंद केला गेला.

१९५६ मध्ये कारखान्याच्या गाड्यांची धूळधाण झाली. दुसऱ्याच फेरीत दोन गाड्या अपघातात गेल्या. हॉथॉर्नची इंधनाची नळी तडकली आणि तो सहावा आला. जिंकली ती एडिनबराच्या एकुरी एकॉस या छोट्या खासगी संघाची गडद निळी डी-टाइप. चालक रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन, संघाचा मालक डेव्हिड मरी, मिस्त्री विल्की विल्किन्सन. गल्लीतल्या गॅरेजातून निघालेला संघ जगातली सर्वांत कठीण शर्यत जिंकून आला. ज्या वर्षी राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आमच्या आदिलाबादपासून तुटून मुंबई राज्यात गेले, त्याच वर्षाची ही गोष्ट. एकॉसचे प्रकरण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या इथली गॅरेजे होती, हे लपवत नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जॅग्वारने शर्यतींतून अंग काढले. न विकलेल्या गाड्यांना काच, दार आणि दुसरी सीट बसवून एक्सकेएसएस नावाने रस्त्यावर विकायचे ठरले. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री जॅग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली. १६ एक्सकेएसएस झाल्या, नऊ गाड्या जळाल्या. त्या १६ पैकी एक पुढे अभिनेता स्टीव्ह मॅक्विनकडे होती. आणि कारखाना शर्यतीत नसतानाच, जूनमध्ये, डी-टाइपने आपला सर्वांत मोठा विजय मिळवला : ल माँला पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. पहिल्या दोन्ही एकॉसच्या. तिसरी फ्रेंचांची, चौथी बेल्जियनांची. फ्लॉकहार्ट आणि ब्यूब ३२७ फेऱ्या पळाले. इतरांच्या हाती गेल्यावरही जे यंत्र असे चालते, त्याच्या घडणीत खोट नव्हती.

पुढच्या वर्षी तीन लिटरची मर्यादा आली. लहान केलेले इंजिन टिकले नाही आणि डी-टाइपचा काळ संपला. तिचे तीन विजेते चालकही फार जगले नाहीत. हॉथॉर्न जानेवारी १९५९ मध्ये गिल्डफर्डजवळच्या रस्त्यावर, ब्यूब त्याच वर्षी फ्रान्समध्ये शर्यतीत, फ्लॉकहार्ट १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात विमान कोसळून गेले. सेयरने तिचाच सांगाडा आणि तोच वारा घेऊन १९६१ ची ई-टाइप घडवली, आणि १९७० मध्ये तोही गेला. १९५६ ची विजेती निळी गाडी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात २ कोटी १७ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. शंभर गाड्या करायचा मूळ बेत होता, ७५ झाल्या होत्या. उरलेल्या २५ जुन्याच पद्धतीने बांधायचे २०१८ मध्ये जाहीर झाले. तोवर कंपनीला टाटांकडे येऊन दहा वर्षे होत आली होती. या किमतींवर मी पुस्तकात फार लिहिलेले नाही. संग्राहकांचा बाजार हा वेगळा विषय आहे आणि त्यात मला रस नाही.

डनलॉपच्या त्या चकत्यांचा वंश मात्र आज आपल्या दारात उभा आहे. एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था, सक्तीची आहे. त्या मोटारसायकलींवरच्या चकती आणि पॅड यांचे मूळ तत्त्व ड्यूइसने ज्यावर जीव धोक्यात घातला तेच आहे.

पुस्तक शर्यतीच्या शौकिनांना आवडेलच. पण माझी खरी विनंती आदिलाबाद, उट्नूर, किनवट, राजुरा, पांढरकवडा इथल्या गॅरेजांत काम करणाऱ्या मुलांना आहे. इंग्रजी नावांनी बिचकू नका. पहिली दोन प्रकरणे सोडली तरी चालतील. ब्रेकच्या प्रकरणापासून सुरुवात करा, जवळ उघडलेले एखादे कॅलिपर असेल तर ते पुढ्यात ठेवून वाचा, आणि १९५५ चे प्रकरण मात्र वगळू नका.